टेप आटली नव्हती

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असते ती. माझ्या अंगावरचे निम्मे आकडे पुसून गेलेत आणि एका टोकाची पितळी टोपी कधीच निघून पडली, तेव्हा मला बघून तुम्ही ओळखलं नाहीत तर माझा राग नाही. मित्रांनो, टेपला सुखदुःख कळत नाही. तिला आकडा कळतो. हसणारा गळा आणि दाटून आलेला गळा मला सारखेच. मी त्यांचा घेर सांगते आणि गप्प बसते. त्यामुळे माझी हकिगत तुम्हाला जरा कोरडी वाटेल. माझ्याजवळ ओलं असं काही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. सुती पट्टीला कसलासा चिकट लेप दिला, वाळवली, आणि रुळाखालून जाताना माझ्या एका अंगाला इंच उमटले, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. दोन भाषांत बोलते, पण गोष्ट एकच सांगते. मग आम्हा बहिणींचा जुडगा एका दोऱ्या-बटणांच्या दुकानात खिळ्याला लटकला. एके दिवशी एक उंच बाई आली आणि तिनं टेप मागितली. दुकानदारानं वरची काढून दिली. ती बाई काही घेईना. तिनं सगळा जुडगा खाली उतरवायला लावला, पिशवीतून आपली लाकडी पट्टी काढली आणि एकेकीला तिच्यावर ताणून बघू लागली. दुकानदार म्हणाला, बाई, सगळ्या एकाच कारखान्यातल्या आहेत. ती म्हणाली, एका आईच्या लेकीसुद्धा सारख्या नसतात. मी पट्टीवर रेघेला रेघ बसले, म्हणून तिनं मला उचललं आणि तिथल्या तिथे गळ्यात घातलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि बहुतेक शेवटचं कौतुक ते.

एका आईच्या लेकी ती उगाच म्हणाली नव्हती. तिला एक धाकटी बहीण होती. ठेंगणी, गोल आणि सदा कुणाला तरी चिकटलेली, म्हणून लहानपणीच घरात तिचं नाव पडलं बटण. बटण पन्नाशीला टेकली, केस पिकले, चष्मा लागला, तरी बटणच राहिली. ती थोरलीला ताई म्हणायची आणि गिऱ्हाइकं थोरलीला मास्टरीणबाई म्हणायची. पुढच्या बाजूला दुकान, मागच्या खोलीत दोघींच्या खाटा शेजारी शेजारी. ताई कापड बेतायची, बटण शिवायची. ताई बोलायची, बटण हसायची. कधी उलटंही व्हायचं, पण मग त्या दिवशी काहीतरी उसवायला लागायचं.

मी ताईच्या गळ्यातला ताईत होते म्हणा ना. सकाळी दुकान उघडलं की ती मला खुंटीवरून काढून गळ्यात टाकायची ते दिवा मालवेपर्यंत. शाळेच्या मुलांचे गणवेश, कचेरीतल्या लोकांचे शर्ट, म्हाताऱ्यांचे कोट, सगळ्यांची अंगं मी फिरून आले. ताई आकडा मोठ्यानं सांगायची, बटण मागून तोच आकडा म्हणायची, म्हणजे चुकायला नको. शर्टाच्या गळ्याचं माप घेताना ताई माझ्या आत स्वतःची दोन बोटं घालायची. गिऱ्हाईक विचारायचं, ही बोटं कशाला? ती म्हणायची, गिळायला जागा नको का, माणूस आयुष्यभर काय काय गिळत असतो.

इथे तुम्हाला शिवणातला एक शब्द सांगायला हवा. कापड शिवताना आतल्या बाजूला थोडं जास्तीचं सोडतात. बाहेरून ते दिसत नाही. पुढे माणूस जाड झाला, पोर उंच झालं, तर तिथून उसवून कपडा वाढवता येतो. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. ताई हात राखून माया ठेवायची. तिचं म्हणणं, कपड्याला त्याची रेघ राहिली पाहिजे, गोधडी व्हायला नको. बटण मात्र शिवताना हळूच टाका कडेच्या बाजूनं घ्यायची आणि ठेवलेली माया आधीच कपड्याला देऊन टाकायची. त्यावरून दोघींचं रोज वाजायचं. ताई म्हणायची, तुझ्या मायेपायी सगळं गाव ढगळ दिसायला लागलंय.

एकदा मी ताईच्या कामाच्या कोटाच्या खिशात राहिले आणि बटणनं तो कोट गरम पाण्यात भिजवला. कळलं तेव्हा दोघी मला वाळत टाकलेल्या काठीवरून काढून पट्टीवर ताणून बघत बसल्या. मी होते तेवढीच होते. पण गरम पाण्यातून निघालेल्या कापडावर कुणाचा पुरता विश्वास राहत नाही. संशयाचं असंच असतं, तो धुऊन जात नाही.

मग ताईला खोकला झाला. दुकानात कापडाचे धागे उडतात, त्यामुळे खोकला हे काही नवल नव्हतं. पण तो राहायला आलेल्या पाहुण्यासारखा बसला तो हलेना. पाठोपाठ सकाळी उठल्यावर तिचा चेहरा भरलेला दिसू लागला. टपाल घेऊन येणारा म्हणाला, मास्टरीणबाई, तब्येत मानवली तुम्हाला, गाल वर आले. शेजारचा घड्याळजी म्हणाला, आता कसं, खात्यापित्या घरच्या दिसता. ज्याला त्याला बरं वाटत होतं. ताईलाही वाटलं असेल. आयुष्यभर तिला काठी म्हणून हिणवलेलं होतं.

मी तिच्या गळ्यात होते, म्हणून मला आधी कळलं. माझ्याखालच्या शिरा टचटचीत होऊ लागल्या, ओल्या सुतळीसारख्या. तिचा कामाचा कोट बंद गळ्याचा होता आणि त्याचं वरचं बटण तिला लागेना. ती चिडली. म्हणाली, बटण, कॉलर कमी केलीस तू. बटण म्हणाली, मी कशाला कमी करीन, मी तर नेहमी जास्तच करते. हे खरं होतं, म्हणून ताई माझ्याकडे वळली. तिनं मला स्वतःच्या गळ्याभोवती फिरवलं, आरशात आकडा पाहिला आणि म्हणाली, "टेप आटली."

गरम पाण्याची गोष्ट लगेच निघाली. मी काय बोलणार? दोन्ही अंगांनी मी खरंच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ताईचा कोट गळ्यात बरोबर बसला. त्याचं असं झालं की बटणनं ताईची पाठ वळल्यावर वरचं बटण काढून जरा बाहेरच्या बाजूला लावलं होतं. जुने टाके तिनं सुईच्या टोकानं घासून मोडले, कापड बोटानं चोळलं, वर इस्त्री फिरवली. अशी सफाई की बघणाऱ्याला वाटावं ते बटण जन्मापासून तिथेच आहे. पुढे ते पुन्हा सरकलं. मग ताईच्या इतर कपड्यांचीही बटणं सरकली. बाह्या घट्ट झाल्या तशा बाह्यांच्या आतल्या माया उसवल्या. ताईचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी, बोटात जाईना, तर बटणनं बाजारातून मोठं आणलं आणि जुनं हरवलं म्हणून सांगितलं. कात्रीच्या कडीला कापड गुंडाळलेलं होतं तेही तिनं काढून टाकलं, म्हणजे अंगठा जावा. मित्रांनो, दुसऱ्या कुठल्या घरात ही सूज कुणाच्या तरी नजरेत आली असती. या घरात कुणाच्या अंगाला काही घट्ट होऊ देत नसत.

मी मात्र त्याच गळ्यात होते आणि मी सरकत नव्हते. म्हणून ताईनं मला काढून खणात टाकलं. ती म्हणाली, खोटी टेप दुकानात नको, गिऱ्हाइकाचं नुकसान व्हायचं. बटणला नवी टेप आणायला पाठवलं. ती पिवळी धमक, कडक, नव्याचा वास मारणारी. खणाला चीर होती, तिच्यातून मी बघत होते. बटणनं ती पट्टीवर ताणून दाखवली, रेघेला रेघ बसली. ताईनं ती आपल्या गळ्याभोवती घेतली. आकडा तोच आला. माझ्यापेक्षा थोडा जास्तच, कारण मध्ये काही दिवस गेले होते.

दोघी आरशात बघत राहिल्या. मग ताई म्हणाली, "हीसुद्धा आटकीच आणलीस."

ती चेष्टाच होती. एरवी बटण यावर हसून हसून लोळली असती. त्या दिवशी ती दोऱ्याचं रीळ शोधायला वाकली आणि बराच वेळ टेबलाखालीच राहिली.

एव्हाना ताईला आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकली की डोकं रक्तानं भरून यायचं, कान वाजायचे, श्वास छातीतच अडायचा. ती खुर्चीत बसून झोपायची, पुढे टेबलावर उशी आणि उशीवर हात. शेजारची खाट तशीच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण होतं, पायही होते, पसरायचीच सोय राहिली नव्हती. बटण आपल्या खाटेवर निजायची आणि खुर्चीकडे बघत बोलत राहायची, झोपण्याआधी गप्पा मारायची दोघींची लहानपणापासूनची सवय ती. ताई हुंकार द्यायची. पण दोघींनी वर छताकडे बघून बोलणं वेगळं आणि बसलेल्या माणसाच्या पाठीशी बोलणं वेगळं.

वाकताही येईना. बेतणारीला वाकायलाच लागतं, टेबलावर ओणवं होऊन हात लांबवावा लागतो. एका सकाळी ताई कोटाचं जाड कापड पसरून खडूनं रेघ मारत होती. रेघ पाठीवरून सरळ आली, काखेला वळली, आणि मग कापड सोडून टेबलावर गेली, टेबलाच्या कडेपर्यंत गेली, आणि खडू खाली पडला. ताईचा चेहरा जांभळा झाला होता. ती टेबलाला धरून उभी होती, पण डोळ्यांत काही नव्हतं. आजवर तिची रेघ कधी कापडाबाहेर गेलेली नव्हती. कापड बेतता बेतता जिवावर बेतलं, असं पुढे बटण म्हणाली. त्या वेळी तिनं दुकानाचं दार ओढलं, खणातून मला काढलं आणि ताईच्या हातात दिलं. मला का, ते मला माहीत नाही. नवी हाताशीच पडली होती.

इस्पितळात ताईच्या छातीचे फोटो काढले, सुईनं तुकडा घेतला, आणि मग दोघींना एका खोलीत बसवलं. डॉक्टरीणबाई वयानं बटणपेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. डोक्याचं, मानेचं, दोन्ही हातांचं रक्त घेऊन हृदयाकडे उतरणारी एक मोठी शीर असते. ताईच्या छातीत गाठ झाली होती, कॅन्सरची, आणि ती गाठ त्या शिरेला बाजूनं रेटत होती. रक्ताला खाली उतरायला वाट उरली नव्हती, म्हणून ते वरच तुंबत होतं. चेहरा, गळा, हात, सगळं त्यामुळेच.

कॅन्सर हा शब्द खोलीत पडला तो तसाच पडून राहिला. बटणचं तोंड कोरं झालं. ताई चित्राकडे बघत होती. ती म्हणाली, म्हणजे नेफा चेपलाय.

डॉक्टरीणबाईंना नेफा कळला नाही. तेव्हा ताईनं इस्पितळाच्या पायजम्याची कंबर उलटून दाखवली. कापड दुमडून शिवलेली ही बोगद्यासारखी पट्टी, हा नेफा. यातून नाडी जाते. नेफ्यावर बाहेरून काही दाबलं की नाडी आतल्या आत अडकते, कितीही ओढा. डॉक्टरीणबाईंनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, आम्हीसुद्धा नाडीसारखंच काहीतरी ओवणार आहोत. जांघेतल्या शिरेतून एक बारीक तार आत घालायची, ती वर छातीपर्यंत न्यायची, चेपलेल्या जागेतून पलीकडे काढायची. तिच्यावरून धातूच्या जाळीची एक मिटलेली नळी सरकवत न्यायची आणि बरोबर त्या जागी उघडायची. तिला स्टेंट म्हणतात. ती उघडली की शिरेला आतून आधार मिळतो, गाठ बाहेरून दाबत असली तरी वाट मोकळी राहते. फरक इतकाच, त्या म्हणाल्या, की तुम्ही नाडी आत ठेवता. आम्ही तार काढून घेतो आणि नेफाच उघडा ठेवतो. रक्त जास्त जाणं, आत गुठळी होणं, नळी जागची हलणं, असे धोकेही त्यांनी सांगितले. ते थोडे आहेत म्हणाल्या, पण नाहीत असं म्हणाल्या नाहीत.

ताईनं विचारलं, "गाठ जाईल ह्यानं?"

"नाही. गाठीला औषधं वेगळी. ती आपण नंतर सुरू करू. ती किती लागू पडतील ते मला आज सांगता येणार नाही."

"मग ह्यानं काय होईल?"

"तुम्हाला आडवं झोपता येईल."

 बटण म्हणाली, "एवढंच?"

ताईनं मान वळवली. सुजलेल्या मानेनं वळवायला तिला वेळ लागला. "एवढंच म्हणे. बटण, काल तू आडवी होतीस ना?"

 बटणला बहीण हवी होती, पुष्कळ वर्षं, आणि समोरची माणसं तिला झोप देऊ करत होती. ताईला झोपच हवी होती. दोघींची मापं जुळत नव्हती. पण अंग ताईचं होतं, तेव्हा माप तिचंच धरायचं, हा धंद्यातला साधा नियम आहे. ताईनं हो म्हटलं.

यात एक अडचण होती. ती नळी घालायची तर टेबलावर उताणं पडून राहायला हवं. जे जमत नाही ते जमावं म्हणून आधी तेच करायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटच्या क्षणापर्यंत आम्ही तुम्हाला उंच उशीवर ठेवू, नाकाला हवा लावू, आणि डोक्याशी एक माणूस नुसतं तुमच्याशी बोलायला उभं करू. कळ लागू नये म्हणून जांघ सुन्न करू, पण तुम्ही जाग्या असाल. ताई म्हणाली, जांघच कशाला, माझी बहीण बघा, अख्खी सुन्न झाली आहे.

आत नेण्याआधी नर्सनं सांगितलं की अंगावर काही ठेवायचं नाही. मी ताईच्या हातातच होते. तिनं मला बटणच्या हातात दिलं आणि म्हणाली, धर, आणि उगाच कुणाची मापं काढत बसू नकोस.

तेव्हा बटणला राहवलं नाही. ती म्हणाली, "ताई, कोटाची बटणं मी सरकवत होते."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"जुन्या टाक्याचं भोक दिसतं की गं. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

ताईनं श्वास गोळा केला. "इतकं सफाईनं केलं होतंस. मोडवेना मला."

आणि तिची गाडी आत गेली. दार मिटलं. मी बटणच्या मुठीत होते. म्हणजे मी आटले नव्हते हे ताईला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिनं आळ माझ्यावर ठेवला, कारण तो कुणावर तरी ठेवायला हवा होता आणि मला काही वाटणार नव्हतं. बरोबरच होतं तिचं. मला काही वाटलं नाही.

बटण बाहेरच्या बाकावर बसली. तिला मनाई केली होती तेच तिनं केलं. तिनं बाकाची लांबी मोजली. दाराची रुंदी मोजली. फरशी मोजली, शेजारची फरशी मोजली, ती तेवढीच निघाली. स्वतःचं मनगट मोजलं, पुन्हा मोजलं. समोरचा एक माणूस बघत होता. त्याला वाटलं असेल ही इस्पितळाची दुरुस्ती करणारी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायची आणि मग तोच आकडा पुन्हा म्हणायची. एरवी पहिल्यांदा म्हणायला ताई असायची.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही. ताईनं पुढे सांगितलं तेवढंच मला ठाऊक. उशी काढली तेव्हा तिला वाटलं, आता बुडाले. डोकं भरत गेलं, छतावरचा दिवा लाल दिसू लागला. डोक्याशी उभा असलेला माणूस विचारत होता, तुम्ही काय काम करता, शर्टाला किती कापड लागतं, माझ्या मापाचा असेल तर? ती मनात कापड बेतत राहिली. त्याच्या शर्टाचा पुढचा भाग झाला, पाठ झाली, बाह्या झाल्या. कॉलर बेतायला घेतली आणि तेवढ्यात तुंबलेल्या मोरीतलं पाणी एकदम उतरावं तसं तिचं डोकं उतरलं. कानांतला आवाज थांबला. दिवा पांढरा झाला. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, ओवली का? त्या म्हणाल्या, ओवली.

दुसऱ्या दिवशी ताईचा चेहरा तिचा वाटू लागला. जांभळी छटा गेली, पापण्यांची सूज उतरली, गालाची हाडं परत आली. तिनं मला मागून घेतलं. बटणनं मला तिच्या गळ्याभोवती फिरवलं आणि आत स्वतःची दोन बोटं घातली. आकडा जवळजवळ जुना आला होता. ताईनं खाली मान घालून तो वाचला, आता तिला मान खाली घालता येत होती.

"टेप ढिली पडली," ती म्हणाली.

बटण हसली. हसता हसता तिची बोटं माझ्या आत तशीच राहिली, ताईच्या गळ्याशी, आणि बराच वेळ तिनं ती काढली नाहीत.

घरी आल्यावर ताई आपल्या खाटेवर पडली. पाठ टेकली, मग मान टेकली, मग दोन्ही हात बाजूला सोडले. मी खुंटीवरून बघत होते. ती वर बघून म्हणाली, छत किती मळलंय, कुणी बघितलंच नाही. बटण शेजारच्या खाटेवर पडली आणि म्हणाली, मी बघत होते की, पण एकटीनं काय बोलायचं. मग ती सांगू लागली, त्या कोटवाल्याचा निरोप आला होता, घड्याळजीनं चौकशी केली, टपालवाला म्हणाला तुमची ताई बारीक झाली, खात नाही का. ती बोलत राहिली. मध्येच तिला कळलं की हुंकार थांबलेत. ताई झोपली होती. बटणचं वाक्य अर्धं राहिलं आणि तिनं ते पुरं केलं नाही.

मग औषधं सुरू झाली. केस गेले, भूक गेली, काही दिवस बरे आणि काही वाईट. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या. त्यामुळे सुई टोचली की थेंब थांबायला वेळ लागायचा. बटणनं ताईच्या हातातली सुई काढून घेतली. कात्री मात्र ताईनं दिली नाही. जमेल तसं ती बेतत होती, टेबलावर ओणवी होऊन, आणि रेघ कापडातच राहत होती. टेबलाच्या कडेपर्यंत गेलेली ती खडूची रेघ बटणनं पुसली नव्हती. ताईनंही पुसली नाही. दोघी तिच्यावरच कापड पसरायच्या. नवी टेप बटण वापरायची, मी ताईच्या गळ्यात. ढिल्या झालेल्या कॉलरी बटण पुन्हा कमी करायला निघाली, तेव्हा ताई म्हणाली, राहू दे आता. असू दे माया.

बटणं त्यामुळे जिथे सरकवली होती तिथेच राहिली. ताई ढगळ दिसायची.

पुढे गाठ दुसरीकडे वाढली. नळीला काही झालं नाही, ती शेवटपर्यंत उघडीच होती, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताई दुपारी गेली, आपल्या खाटेवर, उताणी, झोपेत. पाय पसरलेले होते. बटण त्या वेळी पुढे दुकानात एका शर्टाची काजं करत होती. तिनं आत येऊन बघितलं, ताईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, परत जाऊन हातातलं काज पुरं केलं, आणि मग शेजारच्या घड्याळजींना हाक मारली. लोकांना ते विचित्र वाटलं. मला वाटलं नाही. अर्धं काज सोडलं तर उसवतं.

मित्रांनो, आता मी खुंटीवर असते. मापं ती नवी टेपच घेते. तीही आता नवी राहिलेली नाही, तिच्याही टोप्या सैल झाल्यात. माझ्यावर धूळ बसते आणि कधी कधी बटण ती बोटानं पुसते. मी बरीच वर्षं कामी आले, हे माझ्या पुसट आकड्यांवरून दिसतं, आणखी काही मला नको आहे. फक्त एका कामासाठी बटण अजून मलाच खाली काढते.

कुणीतरी येतं आणि म्हणतं, बाई, कॉलर घट्ट होते हो, वरचं बटण जरा सरकवून द्या. पूर्वीची बटण असती तर तिनं बोलता बोलता टाका तोडला असता. आता ती आधी मला त्यांच्या गळ्याभोवती घेते, आत दोन बोटं घालते, आकडा बघते आणि विचारते, "आडवं झोपता येतं ना?" लोक बुचकळ्यात पडतात. एक जण म्हणाला, बाई, मी शर्ट घेऊन आलोय, गादी नाही. बहुतेकांना झोपता येतं. ते नुसते जाड झालेले असतात, आणि जाड होणं हा काही आजार नाही, त्यासाठीच तर माया ठेवलेली असते. मग बटण हसते आणि सुईत दोरा ओवते.

तुमच्या घरीही कुणाची तरी कॉलर कधी घट्ट होईल. आईची, काकाची, आजोबांची. सगळे म्हणतील, तब्येत मानवली. कुणी म्हणेल, कपडा आटला. तेव्हा माझ्यासारख्या एखाद्या जुन्या टेपवर आळ घ्यायचा तर खुशाल घ्या, आम्हाला काही होत नाही. पण त्या माणसाला तेवढं एक विचारा, आडवं झोपता येतं ना. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर बटणाला हात लावू नका.